रोबोटच्या हाती स्क्रू उशिरा आला

कारखान्यातला रोबोट म्हटलं की डोळ्यांसमोर सुटे भाग पटापट जोडणारा यांत्रिक हात येतो. प्रत्यक्षात जोडणी हे काम रोबोटला बरंच उशिरा जमलं. त्याची कारखान्यातली भरती झाली ती माणसाला नकोशा, हात भाजणाऱ्या कामासाठी.

1961 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात ‘युनिमेट’ हे यंत्र बसवलं गेलं. डाय कास्टिंग मशीनमधून, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात ओतणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणारा तापलेला भाग उचलायचा आणि बाजूला काढायचा, एवढंच त्याचं काम. तिथे धग, वाफा आणि जरा लक्ष चुकलं तर बोटं गमावण्याची धास्ती असे. युनिमेटचं वजन सुमारे 1,800 किलो होतं. हात तेलाच्या दाबावर हलायचा आणि हालचालींचा क्रम चुंबकी ड्रमवर साठवलेला असायचा. एकदा हात धरून गिरवून घ्यायचं, पुढे तो तेच घोटत राहणार. डोळे नाहीत, स्पर्श नाही. पण गरम भाग दर वेळी त्याच जागी येणार असेल तर या दोन्हींवाचून काही अडत नाही.

कल्पना जॉर्ज डेव्हॉल यांची. पेटंटसाठी त्यांनी 1954 मध्ये अर्ज केला. त्यात यंत्राचं वर्णन ठरवून दिल्याप्रमाणे वस्तू हलवणारी व्यवस्था असं अगदी रूक्ष होतं. 1956 मध्ये एका पार्टीत त्यांची जोसेफ एंगलबर्गर यांच्याशी गाठ पडली. एंगलबर्गर इंजिनिअर होते आणि आयझॅक असिमॉव्हच्या रोबोटकथांचे चाहतेही. त्यांनी युनिमेशन ही कंपनी काढली. 1966 मध्ये जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात युनिमेटने गोल्फचा चेंडू कपात ढकलला, बिअर ओतली. अमेरिकेने टाळ्या वाजवल्या. जपान मात्र नुसत्या टाळ्यांवर थांबला नाही. तिथे कारखाने भराभर वाढत होते आणि कामगार मिळेनासे झाले होते. कावासाकीने युनिमेशनकडून परवाना घेतला आणि 1969 पासून युनिमेट जपानमध्ये बनू लागले.

ओतकामानंतरचं पाऊल स्पॉट वेल्डिंगचं, म्हणजे गाडीचे पत्रे ठिकठिकाणी डाग देऊन जोडण्याचं. जनरल मोटर्सच्या ओहायोतल्या लॉर्ड्सटाउन कारखान्यात वेल्डिंगला रोबोट आले आणि लाइनचा वेग तासाला सुमारे 100 गाड्यांपर्यंत नेला गेला. म्हणजे पुढच्या कामगाराला एका गाडीमागे 36 सेकंद! 1972 च्या मार्चमध्ये तिथे संप झाला. राग वाढवलेल्या वेगावर आणि कमी केलेल्या माणसांवर होता. यंत्रं नोकऱ्या खातात का, हा वाद आपण नेहमी घालतो. लॉर्ड्सटाउनचा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो, कारण तिथे नोकरी शाबूत असलेल्या माणसालाही यंत्राच्या तालावर पळावं लागत होतं.

आता जोडणी. अंधारात कुलपाला किल्ली लावताना आपण काय करतो? किल्ली भोकाशी टेकवतो, थोडी इकडेतिकडे हलवतो, बोटांना वाट सापडली की आत सरकवतो. नेमकी जागा आपल्याला ठाऊक नसतेच. रोबोटचं उलट असतं. सांगितलेल्या जागी तो बरोबर जातो, पण भोक केसभर सरकलेलं असेल तर त्यात बसवायची खिट्टी अडकते, नाहीतर वाकते. नुसता अचूकपणा वाढवून हे सुटत नव्हतं.

विजेवर चालणारे, संगणकाच्या ताब्यातले हात सत्तरच्या दशकात आले. स्वीडनच्या आसेआ कंपनीचा आयआरबी 6 त्यांतला महत्त्वाचा. अमेरिकन इंजिनिअर व्हिक्टर शाइनमन यांच्या आराखड्यांवरून 1978 मध्ये युनिमेशनने जनरल मोटर्सच्या पाठबळावर ‘प्युमा’ बनवला. तो हलक्या भागांच्या जोडणीसाठीच होता. पण मला सर्वांत देखणं वाटतं ते जपानच्या यामानाशी विद्यापीठातल्या हिरोशी माकिनो यांचं उत्तर. त्यांच्या ‘स्कारा’ रोबोटचे सांधे आडव्या दिशेने किंचित लवचीक आणि उभ्या दिशेने ताठ असतात. वरून खिट्टी खाली येते, भोकाच्या कडेला लागली की हात स्वतःच बाजूला सरकतो, खिट्टी बसते. बोटांची ती चाचपणी सांध्यांच्या रचनेतच आली! 1981 पासून स्कारा बाजारात आला, आणि जपानी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत स्क्रू बसवणं, सर्किट बोर्डवर भाग लावणं अशी कामं त्याच्याकडे गेली.

तरीही हे सगळे रोबोट जाळीच्या आत राहिले, कारण वाटेत माणूस आला तरी त्यांना कळत नसे. अडथळा जाणवताच थांबणारे हलके ‘कोबॉट’ डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने 2008 मध्ये विकायला काढले. बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात ते 2010 च्या सुमारास आणले. मोटारसायकलच्या जोडणीत माणसांच्या शेजारी उभं राहून ते नटबोल्ट आवळू लागले.

गाडीच्या आत पसरायच्या वायरिंगच्या जुडग्यापाशी मात्र रोबोट अजून अडखळतो. वायर दर वेळी वेगळी लोंबते, वेगळी वळते, आणि ठरलेल्या जागी कधीच नसते. म्हणून ते जुडगं डॅशबोर्डखाली वाकून सरकवायला आजही बहुतेक ठिकाणी माणूसच लागतो.