रान झाकलं का?

जुलै सरत आला की बांधावर भेटणारा माणूस पावसाची चौकशी झाल्यावर हमखास विचारतो, "रान झाकलं का?" म्हणजे दोन ओळींमधली माती दिसायची बंद झाली का. विचारणाऱ्याच्या मनात तण असतं, कारण एकदा रान झाकलं की कोळप्याला आणि खुरप्याला सुट्टी. पण पीकशास्त्रातला एक मोठा प्रश्नही नेमका हाच आहे.

त्याचं उत्तर मोजता येतं आणि त्याला यंत्र लागत नाही. सोयाबीनच्या ओळी 45 सेंटीमीटरवर असतील तर 90 सेंटीमीटरची एक सरळ काठी घ्या, म्हणजे दोन ओळींचं माप नेमकं भरेल. ढग फाकून ऊन पडलं की दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य माथ्यावर असताना, ती ओळींना आडवी जमिनीवर ठेवा. काठीवर कुठे सावली असेल, कुठे कवडसे. उन्हातला भाग 36 सेंटीमीटर भरला तर 40 टक्के ऊन पिकाच्या हातून निसटतंय. दहा-बारा ठिकाणी मोजून सरासरी काढली की झालं.

निसटलेलं ऊन माती तापवतं, ओल उडवतं आणि तण पोसतं. पाणी शेततळ्यात साठवता येतं, युरियाची गोणी आठवडाभर थांबू शकते. आजचं ऊन आजच धरावं लागतं.

धरलेल्या उन्हाचा आणि उत्पादनाचा संबंध जॉन माँटिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1977 मध्ये फार सोप्या रीतीने मांडला. जव, बटाटा, शुगर बीट आणि सफरचंद ही एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली पिकं. प्रत्येकाच्या पानांनी हंगामभर किती ऊन अडवलं आणि शेवटी किती सुकं वजन तयार झालं, हे त्यांनी एकाच आलेखावर मांडलं, तर सगळे ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत आले. अडवलेल्या दर मेगाज्यूल सौरऊर्जेमागे सुमारे 1.4 ग्रॅम सुकं वजन. म्हणजे चांगलं पोसलेलं, निरोगी पीक कोणतंही असो, जास्त वजन बहुतेक करून त्याचंच भरतं ज्याने जास्त ऊन धरलं.

आपल्याकडचा ढोबळ हिशेब करून पाहू. पावसाळ्यात दर चौरस मीटरवर दिवसाला 16 मेगाज्यूल ऊर्जा पडते असं धरू आणि सोयाबीनसाठी मेगाज्यूलमागे एकच ग्रॅम. पूर्ण झाकलेल्या एकरात दिवसाला साधारण 65 किलो सुकं वजन तयार होतं. उगवण विरळ झाली, नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायच्या राहिल्या आणि दहा दिवस निम्मंच ऊन धरलं गेलं, तर सव्वातीन क्विंटल वजन बुडालं. त्यातला दाण्याचा वाटा 40 टक्के धरला तरी एकरी सव्वा क्विंटलच्या वर सोयाबीन गेलं. पाणी आणि अन्नद्रव्यं कमी पडली तर आकडे बदलतील, पण नुकसान कोणत्या बाजूने होतं ते यातून दिसतं.

मग पाला जितका जास्त तितकं बरं? इथेच बरेच जण फसतात. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रातल्या डी. जे. वॉटसन यांनी 1947 मध्ये एक माप रूढ केलं: एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं आहेत. याला पर्णक्षेत्र निर्देशांक म्हणतात. पुढे 1953 मध्ये मासामी मोन्सी आणि तोशिरो साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी झाडोरा वरून खाली थराथराने कापत नेला आणि प्रत्येक थरातली पानं व उजेड मोजला. उजेड खाली उतरताना प्रत्येक थर उरलेल्यातला ठरावीक हिस्सा खातो, असं त्यातून दिसलं. मध्यम कलाच्या पानांचा निर्देशांक 1 असेल तर साधारण 39 टक्के उजेड अडतो, 3 असेल तर 78, 5 असेल तर 92 आणि 6 ला 95. पाचाच्या पुढे पाला वाढवून हाती फारसं काही लागत नाही. उलट तळाची पानं अंधारात पिवळी पडतात आणि बुडाला दमट कोंडी होऊन रोग वाढतो. शेतकरी अशा पिकाला "माजलंय" म्हणतात आणि तो शब्द अगदी चपखल आहे. शेजारच्या झाडाच्या पानातून गाळून आलेल्या उजेडातला फरक झाडाला कळतो. मग ते खोड लांबवून वर पळतं आणि जोराच्या पावसात लोळतं.

पानाचा कलही महत्त्वाचा. भात, गहू, सोयाबीन यांचं एकटं पान भर दुपारच्या निम्म्या उन्हाच्या आसपासच तृप्त होतं. वरचं ऊन त्याला वापरता येत नाही. वरची पानं आडवी पसरली तर ती गरजेपेक्षा जास्त ऊन घेतात आणि खालची उपाशी राहतात. तीच पानं उभी असली तर ऊन तिरपं लागून थोडं थोडं सगळ्यांना मिळतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये दिलेल्या आयआर-8 या वाणाचं यश त्याच्या बुटक्या ताटात होतं, तसंच ताठ पानांतही. (ताण पडलेलं सोयाबीन दुपारी पानं उभी करून फिकट पाठ दाखवतं, तेही जास्तीचं ऊन टाळायलाच.) ऊस, मका आणि ज्वारीची गोष्ट वेगळी, त्यांची पानं कडक उन्हातही सहजासहजी तृप्त होत नाहीत.

कोकण-गोव्यात पाण्याची सोय असलेलं वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेलं भात पावसाळी भातापेक्षा सरस उतरू शकतं, त्याचंही एक कारण ऊनच. पावसाळ्यात पाणी मुबलक असतं, पण आभाळ भरलेलं असतं.

मला यातली सगळ्यात हुशार रचना मात्र जुनीच वाटते: तुरीत ज्वारी, आणि आता तुरीत सोयाबीन. तूर पहिले दोन महिने इतकी सावकाश वाढते की एकटी पेरली तर बहुतेक ऊन मातीवरच पडतं. ते ऊन जोडीचं पीक धरतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेमध्ये ज्वारी-तुरीच्या जोडीवर मोजमापं झाली, तेव्हा ही वेळेची वाटणी स्पष्ट दिसली. सोयाबीन निघतं तेव्हा रान क्षणभर उजाड वाटतं. तुरीच्या बारीक काठ्या लांब लांब उभ्या असतात, मधल्या पट्ट्यात नुसती सोयाबीनची धसकटं. पण शेंडा वेळेवर खुडलेला असेल तर तिला तोवर आडव्या फांद्या फुटलेल्या असतात. थोडी ओल आणि ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन मिळालं की त्या पसरतात, आणि पिवळा फुलोरा येईपर्यंत 90 सेंटीमीटरची काठी टाकली तर तिच्यावर थोडेच कवडसे उरलेले दिसतात.