‘रोखीत घे, बँकेतून बंदी आहे’

परवा नौपाड्यात चहा पिताना भाच्याने मोबाईल पुढे केला. टेलिग्रामवरचा कुणी ‘दादा’ ठाणे स्टेशनजवळ रोख घेऊन मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो, टाकून देतो म्हणे. कारण तेच जुनं: "मामा, आरबीआयची बंदी आहे ना, बँकेतून घेतलं की खातं गोठतं."

अरे, ती बंदी जाऊन वर्षं झाली. एप्रिल २०१८च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा द्यायला मनाई होती. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं. आणि स्वतः विकत घेणं तेव्हाही गुन्हा नव्हता. म्हणून क्रिप्टो हे कायदेशीर चलन झालं असं मात्र नाही हं.

रोखीची खरी गोची विकताना कळते. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस. त्यातून वजा होते फक्त खरेदीची किंमत, आणि स्टेशनबाहेर दिलेल्या नोटांची पावती कुठून आणणार? खातं गोठण्याचं म्हणशील, तर अनोळखी माणसाला थेट विकल्यावर त्याचे पैसे फसवणुकीतले निघाले की सायबर पोलीस तुझंच खातं गोठवायला लावतात.

त्यापेक्षा एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे, नोंदणी असलेलं क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्सचेंज बघ. पॅन-आधार मागतील, विकताना १ टक्का टीडीएस कापतील. तो रिटर्नमध्ये दाखवता येतो.

"पण अख्खं बिटकॉइन कुठे परवडतंय?" अख्खं कोण घ्यायला सांगतंय! रुपयाचे पैसे तसे एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. शे-पाचशेचं घेऊन बघ.