नववर्षाला ‘नवा मी’ कुठून आला?

डिसेंबर संपत आला की जिमच्या सवलती, डाएटचे तक्ते आणि कोऱ्या डायऱ्या एकदमच पुढ्यात येतात. सगळ्यांचा सूर एकच: येत्या वर्षी तुम्ही कोणी वेगळेच व्हायला हवे. संकल्पाची रीत फार जुनी, तेव्हा हा दबावही तितकाच जुना असेल असे वाटते. तो तसा नाही.

प्राचीन बाबिलोनमध्ये वर्ष वसंतात सुरू होई. तिथल्या अकितु उत्सवात पुरोहित राजाचा मुकुट आणि राजदंड काढून घेई आणि त्याच्या चक्क कानशिलात लगावी. गुडघे टेकलेला राजा देवाला सांगे, मी पाप केले नाही, नगराची हेळसांड केली नाही. मग तीच राजचिन्हे त्याच राजाला परत मिळत. आहे तो राजा नीट वागला ना, एवढीच विचारणा होती.

रोममध्ये इ. स. पू. १५३ पासून कॉन्सल, म्हणजे तिथले सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदभार घेऊ लागले. त्या दिवशी लोक गोड बोलत, अंजीर आणि मध भेट देत. सणाच्या दिवशीही न्यायालये उघडी का, असा प्रश्न कवी ओव्हिड आरंभाचा देव जानुस याला विचारतो. देव सांगतो, आरंभच आळसात गेला तर वर्ष तसेच जाईल. म्हणून ज्याचा जो धंदा, त्याने तो शकुनापुरता थोडासा करायचा. मला हे उत्तर फार आवडते. नवे काहीच नको. रोजचेच काम, तेही चिमूटभर.

पुढे ख्रिस्ती युरोपात संकल्पाला पापाच्या हिशेबाचे वळण लागले. याचा सर्वांत मनमोकळा साक्षीदार म्हणजे सॅम्युएल जॉन्सन. १७५५ साली इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश काढणारा हा माणूस नववर्ष, ईस्टर, वाढदिवस अशा दिवसांना प्रार्थना लिही आणि लवकर उठण्याचा निश्चय करी. वर्षानुवर्षे तोच निश्चय. १७६५ च्या ईस्टरला त्याने वेळ ठरवली सकाळी आठची. आठ म्हणजे काही पहाट नव्हे हे त्यालाही कळत होते, पण बरेचदा आपण दुपारी दोनपर्यंत लोळतो, त्या मानाने बरे, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. निश्चय मोडल्याचे त्याला मनापासून वाईट वाटे. पण ती खंत देवापुढची होती. आपण दुसरेच कोणी व्हावे, असा त्याचा हट्ट नव्हता.

तो हट्ट विसाव्या शतकाचा. अमेरिकी इतिहासकार जोन जेकब्स ब्रुमबर्ग यांनी किशोरवयीन मुलींच्या जुन्या डायऱ्या वाचल्या. १८९२ मधली मुलगी ठरवते: स्वतःबद्दल बोलणार नाही, बोलण्याआधी विचार करीन, इतरांकडे जास्त लक्ष देईन. १९८२ मधलीलाही सुधारायचेच आहे, पण तिची यादी वजन, लेन्स, केशरचना, मेकअप आणि कपडे अशी जाते. नव्वद वर्षांत संकल्प वागण्यावरून अंगावर आला. वागणे सुधारायला काही विकत घ्यावे लागत नाही. रूप पालटायला बरेच घ्यावे लागते. जाहिरातींना दुसरी यादी का मानवली, हे वेगळे सांगायला नको.

सोबत घाईही आली. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले, की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. यातला ‘किमान’ वाटेत गळला आणि ‘२१ दिवसांत नवी सवय’ असा मंत्र झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगी मुरायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवस निघाला. माणसागणिक तो १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. हे वाक्य मात्र जानेवारीतल्या जाहिरातींत कधी सापडत नाही.