सूर्यापुढे काजवा? दिवसा सायकलचा दिवा लावण्यामागची पार्श्वभूमी

मोटारीच्या मागे दोन प्रकारचे लाल दिवे असतात आणि बऱ्याचदा ते एकाच काचेमागे बसवलेले असतात. एक रात्रभर मंद जळतो, दुसरा ब्रेक दाबल्यावर पेटतो. युरोपीय नियमांनुसार पहिल्याची तीव्रता किमान ४ कँडेला लागते (एका दिशेने प्रकाश किती तीव्र दिसतो, ते मोजायचे हे एकक), तर दुसऱ्याची किमान ६०. हा पंधरापट फरक हौसेखातर ठेवलेला नाही. ब्रेकचा दिवा भर उन्हातही मागच्याला दिसला पाहिजे, म्हणून तो ठेवला आहे. सायकलच्या मागच्या दिव्याचे नियम मात्र जिथे जिथे झाले, तिथे ते पहिल्या आकड्याच्या आसपासच घुटमळत राहिले. दिवसा सायकलचा दिवा लावून काय उपयोग, हा वाद इतकी वर्षे चालला त्याचे मूळ इथे आहे. लोक रात्रीचा दिवा दिवसा लावून पाहायचे, तो दिसायचा नाही आणि कल्पनाच फोल ठरवली जायची.

दिवा रात्रीचाच, हे ठरले कसे

सायकलच्या दिव्याचा जन्म कंदिलातून झाला. १८७९ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी 'किंग ऑफ द रोड' हा तेलाचा दिवा बाजारात आणला. पुढचे चाक अवाढव्य असलेल्या त्या काळच्या सायकलींवर तो चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध आसावर लोंबकळायचा. ब्रिटनच्या १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला गाडीचा दर्जा दिला आणि दिवा लावण्याची वेळही ठरवून टाकली: सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयापूर्वी एक तास. दिवा म्हणजे अंधाराची गोष्ट, हे तेव्हाच कायद्याच्या भाषेत पक्के झाले.

पुढे कार्बाइडचे दिवे आले. डब्यातल्या कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचे आणि त्यातून निघालेला ॲसिटिलीन वायू झगझगीत पांढरा जळायचा. उजेड भरपूर, पण उरलेला चुना काढा, नळी साफ करा, पाण्याचा थेंब जुळवा, असा कुटाणा दिवसा कोण करणार? मग डायनॅमो आला. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो पुष्कळांनी पाहिलेला असतो. स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यात, डायनॅमो बसवला. पुढे सर्वत्र रूढ झालेले माप ६ व्होल्ट आणि ३ वॅटचे. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि उरलेले ०.६ वॅट मागच्याला. या ०.६ वॅटमध्ये तापलेल्या तारेच्या बल्बने उन्हाशी स्पर्धा करावी, ही अपेक्षाच चुकीची होती. शिवाय टायरवर घासणारा डायनॅमो पायांना जाणवतो. त्यामुळे गरज संपली की तो मागे ओढून ठेवायचा, हीच सवय सगळ्यांना लागली.

मोटारींनी दिवसा दिवे लावले तेव्हा

दिवसा दिवे लावण्याची कल्पना सायकलवाल्यांची नाही. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला टेकूनच फिरतो, संधिप्रकाश तासन् तास रेंगाळतो. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात शहराबाहेरच्या रस्त्यांवर मोटारींना दिवसाही दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १९७७ मध्ये हीच सक्ती वर्षभरासाठी आणि सगळीकडे लागू केली. कॅनडाने १९९० पासून नव्या गाड्यांमध्ये हे दिवे कारखान्यातूनच बसवायला लावले. युरोपीय संघात नव्याने मंजूर होणाऱ्या मोटारींच्या मॉडेलांना ते ७ फेब्रुवारी २०११ पासून बंधनकारक झाले. या दिव्यांची तीव्रता नियमाने ४०० ते १२०० कँडेला ठरवली. दिवसा दिसायचे तर किती उजेड लागतो, याचे इतके स्पष्ट उत्तर सायकलींच्या नियमांत कुठेच नव्हते.

दुचाकींच्या बाबतीत निर्णायक ठरला तो अमेरिकेतला १९८१ चा हर्ट अहवाल. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करून तो तयार झाला. दुसऱ्या गाडीशी टक्कर झालेल्या प्रकरणांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा पुढे आली: मोटारचालकाला मोटरसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. दिवसा हेडलाइट चालू ठेवण्याची शिफारस तिथून जोर धरू लागली.

सायकलवाल्यांच्या संघटनांना मात्र मोटारींचे हे दिवे खुपत होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. रस्त्यावर सगळेच चमकू लागले की जो चमकत नाही तो नजरेतून सुटतो. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये मोटारींना दिवसा दिवे सक्तीचे केले आणि १ जानेवारी २००८ पासून ती सक्ती उठवली. दिवे नसलेल्या पादचाऱ्यांकडे आणि सायकलस्वारांकडे दुर्लक्ष होते, हा त्या वादातला एक मुख्य मुद्दा होता. म्हणजे सायकलवर दिवसा दिवा लावणे ही काही प्रमाणात मोटारींनी सुरू केलेल्या चढाओढीला दिलेली नाइलाजाची साथ आहे, हे मान्य करून पुढे गेलेले बरे.

ओडेन्सेचा प्रयोग

सायकलींवर या कल्पनेची पहिली भक्कम चाचणी डेन्मार्कच्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये झाली. ३,८४५ सायकलस्वार त्यात सहभागी झाले. त्यांतल्या १,८४५ जणांच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवले, उरलेले २,००० तुलनेसाठी. १२ महिने दोन्ही गटांच्या अपघातांची नोंद ठेवली गेली. जखमी होण्याजोग्या अपघातांचे प्रमाण दिवे असलेल्या गटात १९ टक्के कमी निघाले, आणि दुसऱ्या कुणाशी टक्कर होण्याच्या प्रकारांत घट ठळक होती.

हे दिवे साधेच पण चलाख होते. आऱ्यांवर चुंबक, फ्रेमवर तारेचे वेटोळे. चुंबक वेटोळ्याजवळून गेला की वीज तयार होते आणि दिवा लुकलुकतो. बॅटरी नाही, बटण नाही, घर्षण नाही. साधारण २.१ मीटर परिघाचे चाक ताशी १८ किलोमीटर वेगाने सेकंदाला जवळपास अडीच फेरे घेते, म्हणजे एका चुंबकामागे तितक्या वेळा लुकलुक. दिवा लावायला कुणी विसरूच शकत नाही, ही या रचनेची खरी ताकद. जे उपकरण चालू करावे लागते ते कधीतरी बंद राहतेच.

प्रयोगाची एक बाजू लंगडी आहे. आपल्याला दिवा मिळाला आहे हे भाग घेणाऱ्याला ठाऊक असते, आणि अपघाताची नोंद तोच करतो. यातला गाळ किती, याचा अंदाज डेन्मार्कमध्येच पुढे झालेल्या पिवळ्या जॅकेटच्या प्रयोगातून येतो. त्यात ६,७९३ सायकलस्वार होते. जॅकेट घालणाऱ्यांच्या गटात दुसऱ्याशी टक्कर होऊन जखमी होण्याचे प्रकार ४७ टक्के कमी नोंदले गेले. पण एकट्याने घसरून पडण्याच्या नोंदीही त्या गटात कमी होत्या. जॅकेट काही घसरण्यापासून वाचवत नाही! म्हणजे तो गट नोंदीच कमी करत होता. ती वजावट केल्यावर आकडा ३८ टक्क्यांवर आला. दिव्यांचा १९ टक्क्यांचा आकडाही असाच थोडा हातचा राखून घ्यावा.

एलईडीने गणित बदलले

दिवसा उपयोगी पडेल असा सायकलचा दिवा शक्य झाला तो एलईडीमुळे. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण तेजस्वी निळा १९९३ मध्ये आला आणि त्यातून पांढरा तयार झाला. विजेची बचत तर झालीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एलईडी तत्क्षणी पेटतो आणि तत्क्षणी विझतो. बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे तिची उघडझाप गुळमुळीत वाटते.

या उघडझापीचा हिशोब फार जुना आहे. ब्लोंडेल आणि रे या फ्रेंच संशोधकांनी १९११ च्या सुमारास, प्रकाशाचा क्षणिक झोत डोळ्याला किती तेज भासतो याचे सूत्र मांडले. झोताचा कालावधी सेकंदात घ्या आणि त्याला 'तोच कालावधी अधिक ०.२' या बेरजेने भागा. ०.०५ सेकंदाचा झोत असेल तर उत्तर एकपंचमांश. म्हणजे ३०० कँडेलाचा झोत सतत जळणाऱ्या ६० कँडेलाच्या दिव्यासारखा भासतो. आता बॅटरीकडे पाहा. सेकंदाला असा एकच झोत टाकला तर वीज विसाव्या हिश्शाने लागते, परिणाम मात्र पाचव्या हिश्शाचा मिळतो. सूत्र अंधारात दूरवरून जेमतेम दिसणाऱ्या दिव्यांसाठीचे आहे, त्यामुळे दिवसा ते ढोबळ अंदाजापुरतेच धरावे. पण दिवसाचा मोड लुकलुकणाराच का असतो, याचे कारण त्यात दिसते.

दुसरी गोष्ट झोताच्या रुंदीची. खोक्यावर ल्युमेन, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, छापलेले असतात, डोळ्याला मात्र कँडेला दिसतात. ६० ल्युमेनचा प्रकाश १२० अंशांच्या शंकूत पसरवला तर जेमतेम १९ कँडेला हाती लागतात. तोच २० अंशांच्या शंकूत कोंबला तर सुमारे ६३०. दिवा तोच, एलईडी तोच, फक्त पुढचे भिंग वेगळे. म्हणून नुसत्या ल्युमेनवर दिवा निवडणे म्हणजे पाण्याचा पंप टाकीच्या आकारावरून निवडणे.

कायदे या बदलामागून धापा टाकत आले. ब्रिटनने सायकलवर लुकलुकणाऱ्या दिव्यांना २००५ मध्ये परवानगी दिली: मिनिटाला ६० ते २४० झोत, तीव्रता किमान ४ कँडेला. पुन्हा तेच ४! जर्मनीत सायकलवर लुकलुकणारे दिवे चालत नाहीत. तिथे २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोच लागायचा. २०१७ च्या दुरुस्तीने पुढच्या दिव्यात वेगळा दिवसाचा मोड ठेवायला मुभा दिली.

सतरा अंशांची चूक

अरुंद झोताची किंमत नेम धरण्यात मोजावी लागते, आणि सर्वांत जास्त दिवे इथेच वाया जातात. सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, सरळ उभा नसतो. बहुतेक सायकलींवर तो जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून मागे झुकलेला असतो. त्याला दिवा सपाट पट्ट्याने बांधला की दिव्याचे तोंड १७ अंश खाली वळते. दिवा ७५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोताचा मध्य जेमतेम अडीच मीटरवर रस्त्यावर पडतो. झोत २० अंशांचा असला तरी त्याची वरची कड आडव्या रेषेच्या ७ अंश खालीच राहते. मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यात त्या ६३० कँडेलांमधले जवळपास काहीच पोहोचत नाही. म्हणूनच चांगल्या पट्ट्यांत पाचरीच्या आकाराचे रबर दिलेले असते. ते बऱ्याचदा उलटे बसवले जाते, मग चूक दुप्पट.

तपासणी सोपी आहे. संध्याकाळी सायकल सपाट जमिनीवर, मागचा भाग भिंतीकडे करून, दिव्यापासून भिंत ३ मीटरवर येईल अशी उभी करा. दिव्याच्या भिंगाची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तितक्याच उंचीवर खडूने खूण करा. झोताचा सर्वांत उजळ ठिपका खुणेवर पडला पाहिजे. या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. मग सायकलवर बसून कुणाला तरी मागून पाहायला सांगा: रेनकोटचा घोळ, कॅरिअरवरची पिशवी, सीटखालची थैली यांतले काही आड येते का. पुढचा दिवा दिवसा जमिनीला समांतर रोखलेला चालतो. अंधार पडला की तो खाली वळवायचा आणि लुकलुक बंद करायची, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

बिघाडही ठरलेले असतात. लिथियम सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होताना ३ च्या आसपास येतो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ लागतात. त्यामुळे आत विजेचे नियमन नसलेला स्वस्त पुढचा दिवा अर्ध्या वाटेतच मंदावतो, मागचा टिकून राहतो. रात्री हे लगेच कळते, उन्हात मात्र बसल्या जागेवरून कळतही नाही. मागचा दिवा चाकाच्या फवाऱ्यात असतो, आणि चार्जिंगचे भोक बहुधा खालच्या बाजूला. रबरी झाकण नीट दाबले नसेल तर आत चिखलपाणी जाते. ओल असतानाच चार्जर जोडला की पितळी टोकांवर हिरवा गंज चढतो. आधी पुसून, फुंकर मारून, वाळू द्यायचे.

दिसणे आणि ओळखू येणे

दिवा दिसला म्हणजे सायकल ओळखली गेली असे नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त ठिपक्याएवढे दिवे लावले, तरी तो चालू लागताच पाहणाऱ्याला हा माणूस आहे हे क्षणात उमगते. गुडघे-घोट्यांवरच्या चमकत्या पट्ट्या रात्री इतक्या परिणामकारक का ठरतात, ते यावरून कळते. पेडल मारणारा पाय स्वतःच ओळख सांगतो. एकटा लुकलुकणारा लाल ठिपका 'इथे काहीतरी आहे' इतकेच सांगतो; ते किती दूर आहे, कोणत्या वेगाने चालले आहे, हे त्यातून नीट कळत नाही. फ्लुरोसंट कपड्यांची गंमत वेगळी. ते सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे शोषून दिसणाऱ्या रंगात परत टाकतात, म्हणून दिवसा भडक दिसतात आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्यांखाली फिके पडतात.

मागचा दिवा सर्वांत जास्त कामाला येतो तो झाडांच्या सावल्यांनी चितारलेल्या रस्त्यावर, बोगद्याच्या तोंडाशी, पावसाच्या झडीत. सूर्य समोर मावळतीला असताना मागून येणाऱ्या चालकाचे डोळेच दिपलेले असतात. तिथे ६०० कँडेलाही बुडून जातात. आणि वळणाऱ्या ट्रकच्या बाजूला, चालकाच्या आरशात न येणाऱ्या पट्ट्यात उभ्या असलेल्या सायकलला कोणताच दिवा वाचवत नाही, कारण अरुंद झोत पुढे आणि मागे जातो, आडवा जात नाही.