ऊन, निखारा आणि कमरेची नाडी : त्वचेच्या कर्करोगाची पार्श्वभूमी

त्वचेच्या कर्करोगाचा धोका कुणाला जास्त, असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं. गोरी कातडी, तांबूस केस, लहानपणी उन्हात पोळलेलं अंग, घरात आधी कुणाला झालेला मेलॅनोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग. यातलं काहीच खोटं नाही. पण ही यादी तयार झाली ती गोऱ्या लोकांच्या देशांत. १९५६ साली हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातले मेलॅनोमाचे मृत्यू तपासले, तेव्हा विषुववृत्ताकडे सरकावं तसं प्रमाण वाढत जातं असं दिसलं. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली कातडी क्वीन्सलँडच्या उन्हात जाऊन पडली होती. १९८१ मध्ये तिथे ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू झाली. सदरा चढवा, क्रीम लावा, टोपी घाला, एवढाच तिचा निरोप होता. तो जगभर पोचला आणि ‘त्वचेचा कर्करोग म्हणजे ऊन’ हे समीकरण आपल्याकडेही रुजलं.

आपल्या कातडीला रंग देणारं मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांना बऱ्यापैकी अडवतं, त्यामुळे भारतात हा आजार खूपच कमी आढळतो. पण जो आढळतो त्याचा माग काढताना केवळ उन्हाकडे बघून चालत नाही. इथल्या डॉक्टरांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं आणि त्यांचं ते काम आज पुरेसं आठवलं जात नाही, याची खंत वाटते.

सुरुवात काश्मीरची. विल्यम एल्मस्ली हे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर श्रीनगरात दवाखाना चालवत. तिथे येणाऱ्या कर्करोगाच्या गाठी पोटाच्या खालच्या भागावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला असत. एरवी या जागा कायम कपड्यांखाली, ऊन न लागणाऱ्या. कारण फिरनच्या, म्हणजे काश्मिरी घोळदार झग्याच्या, आत होतं: कांगडी. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे, आणि थंडीचे महिनेच्या महिने ते पोटाशी धरून बसायचं. एल्मस्लींनी १८६६ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये यावर लिहिलं. पुढे श्रीनगरातच अर्नेस्ट नेव्ह यांनी शस्त्रक्रिया करता करता वर्षानुवर्षं या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. रोजच्या शेकाने आधी कातडीवर तपकिरी, जाळीदार डाग उठतात. त्या जागी कातडी कोरडी, जाड होते आणि बऱ्याच वर्षांनी तिथेच न भरणारी जखम होते. एकदाच जोरात भाजणं वेगळं आणि रोज थोडं थोडं शेकणं वेगळं, हे कांगडीने दाखवून दिलं. जुन्या भाजल्याच्या व्रणातही कर्करोग होतोच. फ्रान्सच्या मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं होतं आणि आजही त्यांचंच नाव त्याला आहे.

सवय आणि कर्करोग यांची सांगड त्याआधी लंडनमध्ये घातली गेली होती. धुराड्यात उतरून काजळी खरवडणाऱ्या पोरांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहिलं. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला डांबर चोपडत राहून प्रयोगशाळेत कर्करोग घडवून दाखवला.

आता मुंबई. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता लोकांच्या चालीरीतींतून होणारे कर्करोगाचे तीन प्रकार. त्यातले दोन तोंडाचे होते: आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचं, म्हणजे तिथल्या जाड विडीचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, आणि खालच्या ओठामागे खैनी धरणाऱ्यांचा. तिसरा कातडीचा, धोतराचा. घट्ट आवळलेलं धोतर, रोज त्याच जागी, वर्षानुवर्षं. त्यात घाम, उष्मा आणि सततचं घासणं. कमरेला आधी वळ पडतो, मग तिथला रंग उडतो किंवा काळवंडतो, कातडी जाड होऊन तिला पापुद्रे सुटतात, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग. माझ्या मते खानोलकरांचं मोठेपण असं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघताना माणूस काय नेसतो, काय चघळतो, हे विचारायला ते विसरले नाहीत.

आनुवंशिकतेची बाजूही आपल्याला परकी नाही. व्हिएन्नात १८७० च्या दशकात मोरित्झ कापोझी यांनी एका विचित्र आजाराची नोंद केली. कोरडी, डागाळलेली कातडी, आणि लहान वयातच तिच्यावर उगवणाऱ्या गाठी. त्याचं नाव झेरोडर्मा पिग्मेंटोझम. कारण उलगडायला १९६८ उजाडलं. अतिनील किरणांनी डीएनएला झालेली इजा आपल्या पेशी रोज दुरुस्त करतात, आणि या मुलांत ती दुरुस्तीच नीट होत नाही, हे कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं. म्हणजे अशा मुलाला उन्हातल्या प्रत्येक तासाची किंमत मोजावी लागते, त्याचा मूळ रंग कोणताही असो. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. तिथे कुटुंबात असं एखादं मूल असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा, यात संकोचाचं काही कारण नाही. जन्मतः मेलॅनिन नसलेल्यांना, म्हणजे अल्बिनिझम असलेल्यांना, उन्हापासूनचा धोका असाच मोठा असतो. तांबूस केसांचा एमसीवनआर या जनुकाशी असलेला संबंध १९९५ मध्ये दिसून आला, पण तो प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांपुरता आहे.

सावळ्या माणसांतला मेलॅनोमा बहुधा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोचत नाही. काळा डाग पसरत असेल तर तो ‘ठेच लागली असेल’ म्हणून सोडून दिला जातो आणि उशीर होतो.

धोतर मागे पडलं, पण कमरेचा काच राहिलाच. लुगडं आणि परकराच्या नाडीने होणाऱ्या अशाच कर्करोगाला डॉक्टर ‘साडी कर्करोग’ म्हणू लागले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची प्रकरणं प्रसिद्ध केली. त्यातली एक परकर न घालता कमरेला घट्ट लुगडं नेसत आली होती. दोष साडीचा नसून कमरेला आवळून बांधण्याचा, बहुतेकदा परकराच्या नाडीचा, असं सांगत त्यांनी ‘परकर कर्करोग’ हे नाव सुचवलं. उपायही साधाच दिला आहे. परकर सैल बांधावा, कमरेची कातडी दुखावली असेल तर ती बरी होईपर्यंत ढिले कपडे घालावेत.