पेशीविज्ञान आणि शरीररचनाशास्त्रातील पीएच.डी.

पेशीविज्ञान आणि शरीररचनाशास्त्र या जोडविषयांत स्वतंत्र संशोधन करून, त्यावर प्रबंध लिहून आणि तो तज्ज्ञांपुढे मांडून मिळवायची पदवी. पेशी कशी विभागते, आकार कसा धरते, शेजारच्या पेशीला निरोप कसा देते आणि अशा असंख्य पेशींतून हृदय, मूत्रपिंड किंवा मेंदू कसा घडतो, हे या शाखेचे प्रश्न. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात, असा २०१३ मध्ये मांडला गेलेला अंदाज आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी त्यांतल्या एखाद्याच प्रकारच्या पेशीतल्या एखाद्या प्रथिनाच्या मागे पाच-सहा वर्षे असतो. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत पेशीला ‘कोशिका’ आणि शरीररचनाशास्त्राला ‘शारीर’ म्हणतात. शाळेपासून कानावर पडलेला शब्द मात्र पेशी, आणि प्रयोगशाळेत सर्रास ‘सेल्स’.

एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांची एम.डी. (ॲनाटॉमी) आणि ही पीएच.डी. यांत गल्लत होते. एम.डी. ही वैद्यकीय पदवी असून तिचा भर अध्यापनावर आणि शरीररचनेच्या सर्वांगीण ज्ञानावर असतो. पीएच.डी.ला डॉक्टर असण्याची अट नसते. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली मुले-मुली या वाटेने येतात.

दोन विषय एकत्र कसे आले

पेशी हा विषय शरीररचनेच्या वर्गातूनच जन्मला. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि त्यांना नाव दिले. पण प्राण्यांचे शरीर पेशींचेच असते हे मांडणारे थिओडोर श्वान (१८३९) आणि पेशी पेशीपासूनच होते हे ठामपणे सांगणारे रुडोल्फ फिरशॉ, हे दोघेही बर्लिनच्या योहानेस म्युलर या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांचे शिष्य. पेशीविभाजनात गुणसूत्रे कशी वाटली जातात याची बारकाईने नोंद करणारे वाल्थर फ्लेमिंग हे कील विद्यापीठात शरीररचनेचे प्राध्यापक होते. चेतापेशींच्या रचनेवरील कामासाठी १९०६ चे नोबेल वाटून घेणारे गोल्जी आणि काहाल हेही ऊतींचे काप करणारे, रंगवणारे, चित्रे काढणारे लोक.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि चित्र पालटले. कीथ पोर्टर, अल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी १९४५ मध्ये अख्ख्या पेशीचे पहिले इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर पेशीच्या आतल्या यंत्रणांचा शोध वेगाने लागत गेला. क्लोद, जॉर्ज पलादे आणि क्रिस्तियाँ द दूव्ह यांना १९७४ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. अमेरिकेत १९६० मध्ये पेशीविज्ञानाची स्वतंत्र संस्था निघाली. शरीररचनातज्ज्ञांची संस्था तर १८८८ पासून होतीच. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात शार्ल लब्लों हे शरीररचना विभागाचे प्रमुख असताना किरणोत्सारी अणूंनी पेशींना खूण करून त्यांचा प्रवास पाहत होते. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नव्याने घडते, शरीर सतत स्वतःला बदलत असते, ही समज पक्की होण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. उघड्या डोळ्यांनी दिसणारे आतडे आणि सूक्ष्मदर्शकाखालची पेशी यांत भिंत घालता येत नाही, हे अशा कामातून कळून चुकले. उत्तर अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पुढे ‘शरीररचना’ विभागाचे नाव ‘पेशीविज्ञान व शरीररचना’ असे झाले. मॅक्गिल, नेब्रास्का, विस्कॉन्सिन येथे आजही अशी जोडनावे दिसतात, आणि या जोडनावाची पीएच.डी. तिथूनच रूढ झाली.

भारतातील दोन वेगळी घरे

आपल्याकडे ही जोडी जुळली नाही. शवविच्छेदनाची परंपरा वैद्यकीय महाविद्यालयांत वाढली. कोलकात्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी केलेले विच्छेदन, मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज, पुढे बेवारस व दान केलेले देह शिक्षणासाठी मिळावेत म्हणून झालेला मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा हे त्या वाटेवरचे टप्पे. पेशीविज्ञान मात्र विज्ञान संस्थांत रुजले. त्यामुळे आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली शरीररचनेत पीएच.डी. करणाऱ्याला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेसरने पेशीचे थराथराने चित्र घेणारा) शोधत फिरावे लागते, आणि पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थेत यकृताच्या पेशींवर काम करणाऱ्याने अख्खे मानवी यकृत कधी हातात घेतलेले नसते. हे दोघांचेही नुकसान आहे. शेजारच्या दोन संस्थांनी आठवड्यातून एक दिवस एकमेकांची दारे उघडली तरी पुष्कळ फरक पडेल.

महाराष्ट्रात पेशींवर काम करणाऱ्या संस्था थोड्या नाहीत. पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एन.सी.सी.एस.) ऐंशीच्या दशकात प्राणिपेशी पुरवणारी राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले. देशभरच्या प्रयोगशाळा आजही तिथल्या पेशीसंग्रहातून पेशी मागवतात. पुण्यातच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर (२००६) आणि आघारकर संशोधन संस्था (१९४६) आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टी.आय.एफ.आर.) जीवशास्त्र विभाग, परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक. बाहेर हैदराबादचे सी.सी.एम.बी. (पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र), बंगळूरूचे एन.सी.बी.एस. (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि भारतीय विज्ञान संस्था यांकडे मराठी विद्यार्थ्यांचा ओढा असतो.

कमल रणदिवे

या पदवीचा मराठी इतिहास सांगायचा तर डॉ. कमल रणदिवे यांच्यापाशी थांबायलाच हवे. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकायला गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गाठीतून १९५१ मध्ये ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या त्या याच प्रयोगशाळेत. त्या पेशी लॅक्स यांची परवानगी न घेता वापरल्या गेल्या आणि आजही जगभर वाढत आहेत. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे.

परत आल्यावर रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज ज्या मुली पहाटे पाचला पेशी पाहायला प्रयोगशाळेत जातात, त्यांच्या आधी ती वाट या बाईंनी तुडवली आहे.

प्रवेश, नियम, पैसा

मुख्य दार सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे. जीवविज्ञानाचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. अभ्यासक्रमात तेरा घटक आणि त्यांतला दुसराच पेशीरचनेचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जे.आर.एफ.) मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. ही मदत एकूण पाच वर्षांची. काम त्या मुदतीत आटोपले नाही, आणि या विषयात अनेकदा आटोपत नाही, तर शेवटचे महिने गाईडच्या प्रकल्पातून किंवा घरच्यांच्या आधारावर काढावे लागतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. ग्रामीण भागातून आलेल्या अनेकांचे संशोधन त्यांच्याच बळावर उभे असते, आणि हप्ता महिनोन्महिने अडकला की पहिला फटका त्यांनाच बसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे नियम सध्या लागू आहेत. किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावरही दोन. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी. प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही पूर्वीची अट गेली. हा बदल चांगला झाला, कारण त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावत होते.

नियमांत न बसणारी गोष्ट म्हणजे गाईडची निवड. कोणत्या संस्थेत गेलात यापेक्षा कोणाकडे गेलात याला जास्त वजन आहे. नाव नोंदवण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांशी चहाच्या टपरीवर तासभर बोलावे. मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, कोणी मधेच सोडले का, निबंधावर पहिले नाव कोणाचे असते, हे तिथे कळते.

प्रत्यक्ष काम

पेशी वाढवणे ही या पदवीची रोजची शेती. पंचवीस चौरस सेंटिमीटर तळाच्या फ्लास्कमध्ये गुलाबीसर माध्यम (पेशींचे द्रव अन्न), ३७ अंश सेल्सिअस उष्णता, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशींनी तळ भरला की त्या ‘स्प्लिट’ करायच्या: जुने माध्यम काढून टाकायचे, ट्रिप्सिन (पेशींची पकड सोडवणारे विकर) घालायचे, दोन-चार मिनिटांत चपट्या पेशी गोल होऊन सुटू लागतात, फ्लास्कला तळहाताने हलका टोला द्यायचा, आणि थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये. माध्यमाचा रंग हा पहिला निरोप असतो. त्यातला फिनॉल रेड आम्लता वाढली की पिवळा होतो. पेशी दाट झाल्या असतील तर पिवळेपण चालते. पण पिवळे आणि वर गढूळ दिसले, की ‘काँटॅम आलं’, म्हणजे जंतू शिरले, आणि महिनाभराचे काम ब्लीचमध्ये ओतायचे. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू त्याहून वाईट. तो माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, आणि पेशींचे वागणे गुपचूप बदलतो. त्याची तपासणी नियमित करावी लागते, तशीच पेशींच्या ओळखीचीही. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले होते, की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशीमालिका (एकाच उगमातून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेलाच होत्या.

पेशींना सुट्टी नसते. गणपतीत गावी जायचे तर फ्लास्क कोणाच्या हवाली करायचे हे आधी ठरवावे लागते, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखादा तरी विद्यार्थी हूडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसलेला असतोच.

शरीररचनेच्या बाजूचे काम वेगळ्या संयमाचे. अवयवाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवायचा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचे, झायलीन, मग वितळलेले पॅराफिन. मेणाचा ठोकळा मायक्रोटोमवर (बारीक काप घेणाऱ्या यंत्रावर) चढवला की पाच मायक्रॉनचे काप एकाला एक चिकटून फीत बनून बाहेर येतात. केसाच्या जाडीपेक्षा दहापट बारीक. खोलीतला पंखा आधी बंद करायचा, कारण जोराच्या श्वासानेही फीत उडते. ब्रशच्या टोकाने ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप पसरतात, आणि खालून काचपट्टी घालून तुकडा अलगद उचलायचा. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी, इओसिनने बाकीचे गुलाबी. हे हाताला बसायला काही महिने लागतात आणि वाचून कोणालाही येत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, मानवी नमुन्यांना मानवी नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. तिच्यात सहज काही महिने जातात. पहिल्या दोन वर्षांत हाती फारसे काही लागत नाही, ही बाब घरी समजावून सांगणे प्रयोगाइतकेच कठीण. या काळात अनेकांची झोप आणि तब्येत बिघडते. ते कमकुवतपणाचे लक्षण नाही, आणि समुपदेशकाकडे जाण्यात संकोच नको.

परदेशात

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग गाईड निवडायचा. ही पद्धत आपल्याकडे काही मोजक्या संस्थांतच आहे, ती सगळीकडे हवी. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पात्रता परीक्षा, पुढे प्रबंध आणि त्याचे जाहीर समर्थन. शुल्क माफ आणि विद्यावेतन ही तिथली सर्वसाधारण रीत. शरीररचनेची जोड असलेल्या कार्यक्रमांत वैद्यकीय विद्यार्थ्यांना विच्छेदन शिकवण्याचा अनुभवही मिळतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये पीएच.डी., शिकागोत पुढचे संशोधन आणि नंतर टी.आय.एफ.आर.मध्ये परतून मेंदूच्या घडणीवर काम करणाऱ्या शुभा टोळे यांना २०१४ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. मेंदूचा कोणता भाग कोठे घडावा हे पेशींना कसे कळते, हा त्यांचा प्रश्न पेशीविज्ञानाचाही आहे आणि शरीररचनेचाही.

पदवीच्या शेवटी

सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) मंजूर झाली की प्रबंध परीक्षकांकडे जातो. त्यांत किमान दोन बाहेरचे. मग खुली मौखिक परीक्षा. पुढे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन), अध्यापन, लस व जैवऔषध कंपन्या, विज्ञानलेखन अशा वाटा फुटतात. वैद्यकीय महाविद्यालयात बिगरवैद्यकीय शिक्षक म्हणून शरीररचना शिकवण्याचीही संधी असते, मात्र तिचे नियम वारंवार बदलत आले आहेत. अर्ज करण्यापूर्वी ताजी अधिसूचना पाहावी.

प्रयोगवह्या विद्यार्थ्याच्या नसतात, संस्थेच्या असतात. त्या लॅबमध्येच राहतात. शेवटच्या आठवड्यात द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या नळ्यांची यादी करायची असते: कोणत्या रॅकमध्ये कोणती पेशीमालिका, कितवे पॅसेज (आतापर्यंत किती वेळा स्प्लिट केली), कोणत्या तारखेला गोठवली. उणे १९६ अंशांवर त्या पेशी वर्षानुवर्षे टिकतात, आणि नव्याने आलेली विद्यार्थिनी त्यांतली एक नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरून तिच्या कामाला सुरुवात करते.