अणुइंधनाचा हिशेब आणि तपासनिसांची नजर

निपाणी-चिकोडी भागातील ऊस उत्पादकाला काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काट्यावर किती ऊस भरला, उतारा किती पडला आणि गोदामात साखरेची किती पोती गेली, या आकड्यांचा मेळ बसला नाही की काटामारीची शंका येतेच. एखाद्या देशाचा अणुकार्यक्रम केवळ वीज आणि संशोधनापुरता आहे की नाही, हे तपासण्याची मूळ पद्धतही हिशेबाचीच आहे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 1957 पासून अस्तित्वात आहे. तिचे तपासनीस युरेनियम आणि प्लुटोनियमची आवक, जावक आणि शिल्लक पडताळतात. 8 किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधील (म्हणजे ज्यात युरेनियम-235 या सहज फुटणाऱ्या प्रकाराचे प्रमाण खूप वाढवले आहे अशा युरेनियममधील) 25 किलो युरेनियम-235 गायब झाले, तर त्यातून एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे ही संस्था मानते.

अडचण मोजमापातच सुरू होते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा, जपानमधील रोक्काशो येथील पुनर्प्रक्रिया प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला, तर तेथे वर्षाला सुमारे 8 टन प्लुटोनियम हाताळले जाईल. त्यात एक टक्क्याची चूक म्हणजे 80 किलो. म्हणून कागदावरील आकड्यांच्या जोडीला मोहोरबंद कुलपे आणि कॅमेरे लागतात.

हे किती किचकट आहे, ते आपल्या सीमाभागातील कैगाच्या उदाहरणावरून समजते. कारवार परिसरात काळी नदीच्या काठी असलेल्या या केंद्रात 220 मेगावॅटच्या चार जड पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. या प्रकारच्या भट्टीत 306 नळ्यांमधील इंधन, भट्टी चालू असतानाच थोडे थोडे बदलता येते. वीजनिर्मितीसाठी ही मोठी सोय आहे, परंतु तपासनिसाला भट्टी बंद होण्याची वाट पाहून झाकण मोहोरबंद करता येत नाही. प्रत्येक इंधन जुडगा बाहेर पडताना मोजणारी यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात. इंधन लवकर बाहेर काढले, तर त्यातील प्लुटोनियम शस्त्रांसाठी अधिक योग्य असते, म्हणून ही दक्षता. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही आणि नागरी आणि लष्करी अणुप्रकल्प वेगळे करणाऱ्या 2006 च्या विभागणी योजनेत कैगाच्या या चारही भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवल्या गेल्या. राजस्थानातील रावतभाट्याच्या याच धर्तीच्या 220 मेगावॅटच्या भट्ट्या मात्र तपासणीच्या कक्षेत आहेत. सीमाभागातील फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

परंतु जाहीर केलेल्या मालाचा हिशेब चोख असला, तरी न जाहीर केलेल्याचे काय? 1991 च्या आखाती युद्धानंतर उघड झाले की इराकने तुवैथा येथे, तपासनिसांची ये-जा असलेल्या परिसरातच, गुप्त काम चालवले होते. त्या धक्क्यातून 1997 मध्ये तपासनिसांना अधिक ठिकाणी प्रवेश देणारा पूरक करार (अ‍ॅडिशनल प्रोटोकॉल) तयार झाला. भिंतींवरून आणि यंत्रांवरून कापडाने धूळ पुसून घेण्याची पद्धतही रूढ झाली. त्या धुळीतील अतिसूक्ष्म कणांवरून युरेनियम किती समृद्ध केले होते ते कळते. 2003 मध्ये इराणमध्ये असे अतिसमृद्ध कण सापडले. ते आयात केलेल्या जुन्या सुट्या भागांबरोबर आले, असा इराणचा खुलासा होता, आणि पाकिस्तानातून मिळालेल्या भागांशी तुलना केल्यावर तो बहुतांशी खरा ठरला. ज्या पुराव्याने संशय निर्माण केला, त्याच पुराव्याने तो बराचसा दूरही केला, हे मला या शास्त्राचे मोठे यश वाटते.

मात्र नोंद अखंड राहिली तरच हे शास्त्र चालते. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-235 केवळ 0.7 टक्के असते. ते 60 टक्क्यांपर्यंत नेले, की शस्त्रांसाठी लागणाऱ्या सुमारे 90 टक्क्यांपर्यंतच्या वाटेतील बहुतेक श्रम संपलेले असतात. जून 2025 मधील इस्रायल आणि अमेरिकेच्या हल्ल्यांपूर्वी इराणकडे असे 60 टक्के समृद्ध युरेनियम सुमारे 440 किलो असल्याचा संस्थेचा अंदाज होता. हल्ल्यांनंतर त्याची पडताळणी खंडित झाली. त्याआधीच, जून 2022 मध्ये, इराणने संस्थेचे 27 कॅमेरे काढले होते, त्यांत सेंट्रीफ्यूजचे (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचे) भाग बनवणाऱ्या कार्यशाळांमधील कॅमेरेही होते. सेंट्रीफ्यूजना अणुभट्टीसारखी अवाढव्य इमारत किंवा थंड करणारे मनोरे लागत नाहीत. उपग्रहाच्या छायाचित्रात त्यांची इमारत एखाद्या साध्या गोदामासारखी दिसू शकते. मधल्या काळात किती भाग तयार झाले आणि ते कोठे गेले, हे आता संबंधित देशाच्याच कागदपत्रांवरून जुळवावे लागेल.